मराठवाड्याचा बैल : दावणीपासून कसाबापर्यंत

गोमांसाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच चित्रे पुढे येतात. एकात गाईला हळदकुंकू वाहणारी शेतकरीण असते, दुसऱ्यात सुरा घेतलेला कसाई. या दोन चित्रांच्या मधे एक मोठा बाजार आहे. तिथे हेडी आहे, दलाल आहे, पेरणीच्या तोंडावर पैशांची जुळवाजुळव करणारा कुणबी आहे. तो मात्र कुठल्याच चित्रात येत नाही. या लेखात मला त्या बाजाराकडे जायचे आहे, कारण मराठवाड्यातल्या गोवंशाचा इतिहास तिथेच घडला.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. केवळ मांसासाठी गुरे पाळणारा शेतकरी मराठवाड्यात कधी नव्हता. हिंदूही नव्हता आणि मुसलमानही नव्हता. अमेरिकेत टेक्सास किंवा मोंटानासारख्या प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे चालत आलेली हजारो एकरांची कुरणे असतात. तिथे वसंतात वासरे जन्मतात, उन्हाळाभर आईबरोबर चरतात, पानगळीच्या दिवसांत दूध तोडतात, मग धान्य खाऊ घालून त्यांना वजनावर आणतात आणि दीड-दोन वर्षांच्या आत ती कत्तलखान्यात जातात. त्या जनावराचा जन्मच मांसासाठी असतो. आपल्याकडचे गणित उलटे होते. इथे जनावर जन्मले ते औताला जुंपण्यासाठी. त्याने दहा-बारा वर्षे शेत ओढले आणि त्यानंतर जे उरले, ते मांस आणि चामडे. आपल्याकडचे ‘बडे का गोश्त’ हे शेतीचे उत्पादन नव्हते, शेतीच्या चाकराची अखेर होती. एवढा फरक लक्षात ठेवला तर पुढच्या अनेक गोष्टी समजायला सोप्या जातात.

बैलाचे वर्ष मृगापासून सुरू व्हायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर नक्षत्र लागले की तिफण बाहेर निघायची. पेरणी, मग कोळपणी, पुन्हा कोळपणी. आषाढात बैलाच्या खांद्याला उसंत नसे. श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी : हळद आणि तूप किंवा लोणी लावून जू घासलेला खांदा चोळायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. हे मुसलमान शेतकऱ्यांच्या घरीही होते. आमच्या आजोळी पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागे, गळ्यात घुंगरमाळा येत आणि पुरणाची पोळी बैलाला भरवली जाई. नानांना यात दीन-मजहबाची काही अडचण वाटल्याचे कुणी सांगत नाही. ज्याच्या जिवावर वर्षभराची भाकर, त्याचा एक दिवस मान राखायचा, इतका तो साधा व्यवहार होता.

पोळ्यानंतर रब्बीची मशागत, वखरणी, ज्वारीची पेरणी. माघ-फाल्गुनात ज्वारी निघाली की कडबा घरी यायचा आणि मराठवाड्यात गोठ्याचे भवितव्य त्या कडब्याच्या गंजीवर ठरायचे. गंज मोठी असेल तर म्हातारा बैल आणखी एक उन्हाळा काढेल. गंज लहान असेल तर चैत्रात त्याच्या गळ्यात कासरा अडकवून बाजाराची वाट धरावी लागेल. नवी जोडी मृगाआधी घ्यायची, म्हणजे जुनी त्याआधी विकायची. नव्या जोडीच्या किमतीतला एक हिस्सा जुन्याच्या विक्रीतून उभा राही, उरलेला सावकाराकडून किंवा घरातल्या डागातून. बैल म्हणजे शेतकऱ्याची चार पायांवरची शिल्लक होती. ती मोडायची सोय असेल तरच नवी करता येत होती.

ही गुरे होतीही तशीच. लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून नाव पडलेली देवणी जात, उदगीर-देवणीच्या पट्ट्यात गीर, डांगी आणि स्थानिक रक्त मिसळून तयार झाली. रंगावरून तिचे तीन प्रकार करतात : वानेरा, बालंक्या आणि शेवेरा. नांदेडच्या कंधारची लाल कंधारी गडद तांबड्या अंगाची. लोक तिला लाखलबुंदा म्हणतात. दोन्ही जातींत गाय बऱ्यापैकी दूध देते, पण शेतकऱ्याची नजर असे ती गोऱ्ह्यावर. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बाजार, लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा, बीडजवळचे नेकनूर, आणि आमच्या शहरात छावणीचा आठवडी बाजार, या ठिकाणी या जनावरांची किंमत ठरायची. तिथली भाषा दातांची. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. भाव रुमालाखाली, बोटे दाबून. माळेगावात कुणब्याचे बोट आणि कुरेशाचे बोट एकाच रुमालाखाली भेटत आले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांना या रुमालाखाली काय चालले होते ते कधी दिसले नाही.

थोडे मागे जाऊ. सतराव्या शतकात औरंगाबाद हे मोगलांचे दख्खनमधले मुख्य ठाणे झाले. औरंगजेबाच्या फौजा पाव शतक या मुलखात फिरत होत्या, आणि फौज पोटावर चालते. ते पोट भरत होते बंजाऱ्यांच्या तांड्यांमुळे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य, मीठ, सगळे पाठीवर. ज्या काळाला आपण तलवारीचा काळ म्हणतो तो खरे तर गोणीचा काळ होता. १८०३ मध्ये २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या त्या मोहिमेतल्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच काळजी बैलांची आहे. बैल कमी पडले की तोफ जागची हलत नव्हती. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, नांदेडमार्गे सिकंदराबादला रेल्वे गेली तेव्हा लमाणांच्या ओझ्याच्या बैलांची उरलीसुरली गरज संपली. शेतातला बैल मात्र तसाच राहिला.

आता गावाच्या आतली व्यवस्था बघा. बैल मेला की महार तो ओढून नेत आणि चामड्यावर त्यांचा हक्क असे. ढोर ते कमवत, चांभार त्याचे जोडे आणि मोट शिवत, मांग दोरखंड वळत. या मोटेकडे नीट पाहिले पाहिजे. विजेचे आणि तेलाचे पंप येईपर्यंत मराठवाड्यातली विहीर मोटेवर चालली. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. एका बैलाच्या कातड्यात पाणी भरायचे आणि दुसऱ्या बैलाने ते ओढायचे. ‘गोवंश’ या शब्दात आज जी पवित्रता भरली जाते, ती ज्या शेतकऱ्याच्या तोंडी घातली जाते त्याचे मळे या कातड्यातून भिजत होते. आणि ते कातडे हाताळणारांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले जात होते. मेलेले ढोर ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा असे १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले. ते सांगताना त्यांचा रोख गाईवर नव्हता, माणसावर लादलेल्या हीनपणावर होता. पुढे १९४८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळांवर लिहिलेल्या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध मांडला, तो वाचताना हे लक्षात ठेवावे.

गावगाड्यात मुसलमानाची जागाही ठरलेली होती. जुन्या यादीत मुलाणी हा बलुतेदार-अलुतेदारांत मोजला आहे. गावातले बकरे, कोंबडे जुबह करणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल त्याला गावाकडून वाटा मिळे. म्हणजे मराठा पाटलाच्या घरच्या बकऱ्याच्या गळ्यावरही बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरत होती आणि कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. मुलाणी हा आडनावाचा माणूस आज कुठल्याही जिल्ह्यात भेटतो, पण ते आडनाव कशाचे हे त्याच्या मुलांनाही ठाऊक नसते. बडे जनावर हा मुलाण्याचा विषय नव्हता. ते शहरातल्या आणि कसब्यातल्या कसाबांचे, म्हणजे कुरेशांचे काम. आमच्या शहरात त्यांची जुनी वस्ती सिल्लेखान्यात. नाव शस्त्रागाराचे, सिलाहखाना, पण शतकभर तरी तिथली ओळख गोश्तची. निजामाच्या मुलखात इथे इंग्रजी कंटिंजंटची छावणी होती. गोऱ्या अंमलदारांना आणि सोल्जरांना बडे का गोश्त लागत होते, शहरातल्या गरीब मुसलमानाला ते परवडत होते. मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर आली असे सांगितली जाणारी नान-खलिया लग्नाच्या मोठ्या देगेत शिजायची ती याच मांसावर. शेकडो माणसे जेवायची तर बकऱ्याचा खर्च कोण करणार? आपल्या ताटात हे मांस आले ते आधी किमतीमुळे आले, ही गोष्ट आपणच विसरतो आणि मग त्याला ईमानाची निशाणी करून बसतो.

सोल्जरांवरून आठवले. गोवंश कमी होतो म्हणून मराठीत पहिल्यांदा जोरात ओरडला तो जोतीराव फुले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी बैलांच्या तुटवड्याची कारणे सांगितली आहेत. गोऱ्या लष्करासाठी होणारी कत्तल हे एक, आणि सरकारी जंगलखात्याने चराईची राने बंद केली हे दुसरे. ते शेतकऱ्याच्या बाजूने बोलत होते. त्यांना बैल हवा होता तो औताला. दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, गोरक्षिणी सभांच्या लाटेत मुंबईत दंगल झाली, तेव्हा बैल शेतातून उठून दोन जमातींच्या मधे येऊन उभा राहिला होता. त्यानंतर तो तिथून हलला नाही. जंगलखाते आणि चारा हे फुल्यांचे दुसरे कारण तर सगळेच विसरले. गायराने गेली, त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

मुसलमान पुढाऱ्यांनीही या प्रश्नात कधी काही केले नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद : डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरला मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष हकीम अजमल खान यांनी आपल्या लोकांना गाईची कुर्बानी टाळण्याचे आवाहन केले होते. शरियतमध्ये कुर्बानीसाठी गाईची सक्ती नाही, बकराही चालतो, हा त्यांचा मुद्दा कुठल्याही मौलवीला मान्य होण्यासारखा होता. खिलाफतीच्या त्या दिवसांत अनेकांनी तो मानला. आपखुशीने सोडणे आणि पोलिसाच्या काठीखाली सोडणे यांत जो फरक आहे, तो मला वाटते दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना तेव्हा कळत होता.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न कायद्याकडे गेला. घटनेच्या ४८ व्या कलमात गाय, वासरे आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या गुरांच्या कत्तलीला मनाई करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आले, पण ते शेती आणि पशुसंवर्धनाच्या नावाने. बिहारच्या कुरेशी बांधवांच्या अर्जावर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. गाय आणि वासरांवरची पूर्ण बंदी न्यायालयाने उचलून धरली. पण काम करू न शकणाऱ्या बैलावर आणि वळूवर सरसकट बंदी वाजवी नाही असे सांगितले. निरुपयोगी जनावर उपयोगी जनावराचा चारा खाते, हा त्यातला युक्तिवाद कुठल्याही कुणब्याने सांगितला असता. महाराष्ट्राचा १९७६ चा प्राणी संरक्षण कायदा याच चौकटीत बसला. गाईची कत्तल बंद. बैल, वळू आणि म्हशीवर्गाची अधिकाऱ्याचा दाखला घेऊन. जनावर औताच्या, पैदाशीच्या किंवा दुधाच्या कामाचे असेल तर दाखला मिळत नसे.

याच सुमारास आपल्या पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर गुरांच्या संख्येचा अभ्यास करत होते. १९६४ आणि १९६९ मधल्या त्यांच्या लेखांतला मुद्दा थोडक्यात असा : शेतकरी गाईला मारत नाही, पण नको असलेल्या जनावराला खायलाही घालत नाही. ते उपासमारीने मरते. कत्तल नाकारली म्हणजे मरण टळते असे नाही. मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने भारतीयांच्या गोभक्तीमागे एक शहाणी अर्थव्यवस्था असल्याचे म्हटले होते, दांडेकरांनी ते खोडून काढले. दांडेकर काही आमच्या मोहल्ल्यातले नव्हते. सातारचा हिशेबी माणूस, आकडे पाहून बोलला.

१९७२ चा दुष्काळ या मुलखाने पाहिला तेव्हा दावणी रिकाम्या झाल्या. ज्यांची जनावरे विकली गेली त्यांच्या हातात काही आले, ज्यांची दावणीला मेली त्यांच्या हातात तेही नाही. त्यानंतर दोन गोष्टी सावकाश बदलल्या. मोटेच्या जागी पंप आला, नांगराच्या जागी ट्रॅक्टर. आणि दुधासाठी जर्सी, होल्स्टिनचा संकर आला. संकरित गाय दूध भरपूर देते, पण तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नसते. जू ठेवायला जागाच नाही. उन्हात तो टिकतही नाही. म्हणजे जन्मल्या दिवसापासून तो शेतकऱ्याला नको असतो. जुन्या व्यवस्थेत नर वासरू ही खुशखबर होती, ती आता फक्त कालवड झाली तर.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. प्रेमचंदांची हिरा-मोती या दोन बैलांची कथा मुलांना फार आवडते. कांजीहाऊसच्या लिलावात एक राकट दाढीवाला त्यांना विकत घेतो, त्याच्या तावडीतून निसटून ते झूरीच्या घरी परत येतात आणि मुले टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो. पण कथा संपते तेव्हा हिरा-मोती ऐन उमेदीत आहेत. दहा वर्षांनी झूरीने काय केले असेल, हा प्रश्न एकदा गंगापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारला होता. त्याच्या घरी तेव्हा तोच विषय चालू असावा.

१९९५ मध्ये युती सरकारने बैल आणि वळू यांनाही कत्तलबंदीत घेणारे विधेयक मंजूर केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षे पडून होते. दरम्यान २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातचा पूर्ण बंदीचा कायदा वैध ठरवला आणि १९५८ चा युक्तिवाद मागे पडला. म्हाताऱ्या बैलाचे शेणसुद्धा उपयोगाचे, असा नवा विचार आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये संमती मिळाली आणि ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने घरात काय खावे यात सरकारला शिरता येणार नाही, हा त्यातला भाग मला महत्त्वाचा वाटतो.

कायदा लागू झाला तो नेमका दुष्काळात. २०१५-१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, बीड, उस्मानाबाद, लातूरला चारा छावण्या उभ्या राहिल्या. बाजारात बैल उभा राही, पण घेणारा नव्हता. कसाब बाहेर पडला होता आणि दुसऱ्या शेतकऱ्याला तो बैल नको होता. सिल्लेखान्यात, पडेगावात काम करणारी मंडळी हळूहळू म्हशीवर्गाकडे, हल्या-रेड्याकडे वळली. काहींनी पेशाच सोडला. रिक्षा, फळगाडी, गॅरेज. त्यांचे नुकसान दिसते तरी. शेतकऱ्याचे नुकसान दिसत नाही, कारण ते एकदम झाले नाही. नव्या जोडीच्या किमतीतला जुना हिस्सा गळाला, आणि पुढच्या वेळी त्याने जोडीच घेतली नाही. भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला.

आकड्यांतही ते उमटले. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांच्या आसपास आला. सगळा दोष कायद्याचा नाही, ट्रॅक्टरचाही आहे, चाऱ्याचाही आहे. पण त्याच गणनेत पश्चिम बंगाल, जिथे सरसकट बंदी नाही, गोवंशाच्या संख्येत देशात पहिला आला. देवणी आणि लाल कंधारी वाचवायची असेल तर तिचा गोऱ्हा विकत घेणारा कुणीतरी असावा लागतो, हे परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणाही पदवीधराला विचारावे.

२०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. त्यांचे म्हणणे होते की म्हशी आणि रेडे घेऊन जाणाऱ्या गाड्याही रस्त्यात अडवल्या जातात, मारहाण होते, जनावरे काढून घेतली जातात. काही आठवड्यांत जनावरांचे बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारे, सत्तेच्या जवळचे पुढारीही भाकड जनावरांचे काय करायचे ते विचारू लागले. कुरेशांनी दुकान बंद केले तेव्हा गोठ्याला कळले की दुकान आपलेही होते.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केले आणि गोशाळांना दर गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवले. चारशे किलोच्या जनावराला रोज आठ-दहा किलो सुका चारा लागतो, पाणी आणि औषध वेगळे. कडब्याची पेंढी आज काय भावाने मिळते ते छावणीच्या बाजारात विचारून यावे. शिवाय गोशाळेत गेलेल्या जनावराचे अनुदान गोशाळेला, आणि ज्याने त्याला बारा वर्षे सांभाळले त्या शेतकऱ्याची दावण तशीच रिकामी. मृग जवळ आला की तो आता ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतो, आणि ट्रॅक्टरवाल्याकडे त्याच्याआधी पंधरा जणांची रांग असते.